भरल्या ताटावरून उठलेले व्याही

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा तेवढा देते.

"थँक्सगिव्हिंगला होणारे व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला आले होते. ते पेनसिल्व्हेनियात, स्क्रँटनजवळ राहतात. व्याह्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला. त्यांचे वडील आणि आजोबा कोळशाच्या खाणीत होते. मी मसालेभात, भरली वांगी असा सगळा बेत केला होता. बोलता बोलता ते म्हणाले, 'आम्हाला कुणी काही फुकट दिलं नाही. माझ्या वडिलांनी युद्धावरून परत आल्यावर घर घेतलं, ते घामाच्या पैशानं.' माझी लेक सोशल वर्क शिकते. ती पटकन म्हणाली, 'पण ते घर तुम्ही गोरे होतात म्हणून मिळालं. हेच व्हाइट प्रिव्हिलेज.' ते एक शब्दही बोलले नाहीत. अर्धं ताट तसंच ठेवून उठले आणि बाहेर गाडीत जाऊन बसले. लेक म्हणते, मी खरं तेच बोलले, माफी कशाची मागू? आमचे हे म्हणतात, असलं काही नसतंच. आपण १९९६ साली दोन बॅगा घेऊन आलो, आज आपल्या लोकांची कमाई गोऱ्यांपेक्षा जास्त आहे, मग गोरेपणाचा फायदा राहिला कुठे? होणारा जावई बिचारा सगळ्यांच्या मध्ये सापडला आहे. मे महिन्यात साखरपुडा आहे. हे प्रिव्हिलेज खरंच असतं का? आणि आता मी काय करू?"

ताई,

भरल्या ताटावरून पाहुणा उठून गेला की पुढे कित्येक दिवस त्या घरात घास गोड लागत नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. उत्तराला उशीर झाला, कारण हे घाईत लिहून टाकायचं नव्हतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, असतं. अमेरिकेत गोरं असण्याचा फायदा होता आणि अजूनही आहे. मी हे कुणाच्या भाषणातून उचललेलं नाही. न्यू जर्सीतच एका टायटल कंपनीत मी एकवीस वर्षं काम केलं. घर विकलं जाण्याआधी त्याचे जुने कागद मागे मागे जात तपासायचे, कुठल्या कर्जाचा बोजा राहिलाय का, वारसांचा वाद आहे का ते बघायचं, हे आमचं रोजचं काम. एकदा एका मराठी जोडप्याच्या फाइलीत १९३८ सालचं खरेदीखत हाती आलं. टाइपरायटरवर टंकलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या, एक अक्षर प्रत्येक ओळीत जरासं वर उडालेलं. कुंपण किती उंच असावं, कोंबड्या पाळू नयेत, अशा अटींची रांग होती आणि त्याच रांगेत, त्याच सुरात पुढची अट: या जागेत कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाखेरीज दुसऱ्या कुणी राहू नये, मालकाच्या घरी कामाला असलेले नोकर मात्र राहू शकतील. मी तो कागद हातात धरून बसून राहिले. दोन आठवड्यांनी ज्यांचं क्लोजिंग होतं, म्हणजे घर नावावर होणार होतं, ज्यांनी गणपतीची जागासुद्धा ठरवून ठेवली होती, त्यांना त्या कागदानं घरात घेतलं असतं ते फक्त भांडी घासायला.

ती अट आता मेलेली आहे. अशा अटी कोर्टाकरवी बजावून घेता येणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं १९४८ मध्ये ठरवलं. वंश बघून घर नाकारणंच बेकायदा ठरायला मात्र १९६८ साल उजाडलं. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि त्यानंतर आठवड्याभरात त्या कायद्यावर सही झाली. मधल्या काळात काय झालं, ते तुमच्या व्याह्यांच्या घराशी येऊन भिडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९३४ पासून सरकार घरकर्जाला हमी देऊ लागलं. हमी आली म्हणून बँका थोडक्या रोख रकमेवर, लांब मुदतीनं कर्ज द्यायला लागल्या आणि साधा पगारदार माणूस घरमालक झाला. पण सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगानं रंगवल्या होत्या, धोक्याच्या म्हणून. तिथल्या कर्जाला हमी मिळत नसे. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटाऊन उभं राहिलं. सतरा हजारांवर घरं, युद्धावरून परतलेल्या जवानांसाठी. त्याच्या करारातही मी खरेदीखतात वाचलेली तीच अट होती, नोकरांच्या सवलतीसकट. जवानांसाठी १९४४ साली खास कायदा झाला होता. कागदावर तो सगळ्यांसाठी होता, पण कर्ज द्यायचं गावातल्या बँकेनं. १९४७ मध्ये मिसिसिपी राज्यात त्या कायद्याखाली ३,२२९ कर्जं दिली गेली, त्यांतली कृष्णवर्णीय जवानांना दोन. दोन टक्के नव्हे, ताई. दोन.

म्हणजे तुमच्या व्याह्यांच्या वडिलांनी हप्ते घामाच्या पैशानं फेडले, हे शंभर टक्के खरं. आणि तोच घाम, तोच गणवेश, तेच युद्ध असलेल्या काळ्या जवानाला हप्ते फेडायची संधीच मिळाली नाही, हेही तितकंच खरं. एका खऱ्यानं दुसरं खोटं पडत नाही. घर नुसतं डोक्यावरचं छप्पर नसतं. त्याची किंमत वाढते, त्यावर कर्ज काढून मुलं कॉलेजात जातात, आजारपण निभावतं, आणि म्हातारा-म्हातारी गेल्यावर ते पुढच्या पिढीला मिळतं. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मध्यावरच्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २,८५,००० डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. ही सगळी दरी एकट्या घरकर्जानं पाडलेली नाही, पण तिचा मोठा हिस्सा माझ्या टेबलावर येणाऱ्या त्या कागदांमध्ये पडून होता.

"ते सगळं जुनं झालं," असं तुमचे यजमान म्हणतील. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहरात एक प्रयोग केला, तो २००३ मध्ये छापून आला. सारख्या शिक्षणाची, सारख्या वागण्याबोलण्याची तरुण मुलं साध्या नोकऱ्यांसाठी अर्ज करायला पाठवली. काहींनी आपण अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आलो असं सांगायचं, काहींनी कोरी पाटी दाखवायची. तुरुंगात जाऊन आलेल्या गोऱ्या मुलांना १७ टक्के ठिकाणांहून परत बोलावणं आलं. कोरी पाटी असलेल्या काळ्या मुलांना १४ टक्के ठिकाणांहून. पुढच्याच वर्षी बॉस्टन आणि शिकागोमधला नावांचा अभ्यास आला: एकसारख्याच अर्जावर गोरं वाटणारं नाव असलं तर दहा अर्जांमागे एक फोन, काळं वाटणारं नाव असलं तर पंधरा अर्जांमागे एक. त्यातल्या गोऱ्या उमेदवाराला काही झाल्याचं कळतसुद्धा नाही. त्याला नोकरी मिळते, तो मन लावून काम करतो. जो खड्डा आपल्या वाटेत कधी खणलाच गेला नाही, तो दिसणार कसा?

मला वाटतं, सगळा घोळ इथंच होतो. प्रिव्हिलेज म्हटलं की डोळ्यांसमोर बंगला, नोकरचाकर, बापाची ओळख असलं चित्र येतं. आणि पाठीच्या दुखण्यापायी रात्री झोप न येणाऱ्या ट्रकवाल्याला तुम्ही तो शब्द लावला की तो शिवी ऐकल्यासारखा उठून जातो. मी मराठीत सांगताना 'आडकाठी नसणं' म्हणते. आडकाठी नसली म्हणजे वाट चढाची नव्हती असं होत नाही.

तुमच्या व्याह्यांची वाट तर खडी चढणच होती. ईशान्य पेनसिल्व्हेनियाचा तो कोळशाचा पट्टा आहे. १८९७ मध्ये तिथं लॅटिमर नावाच्या खाणवस्तीत मोर्चा घेऊन निघालेल्या निःशस्त्र खाणकामगारांवर शेरीफच्या माणसांनी गोळ्या झाडल्या आणि १९ जण मारले. मेलेले पोलिश, स्लोवाक, लिथुआनियन अशा पूर्व युरोपातून आलेल्या कुटुंबांतले होते. तेव्हाच्या प्रतिष्ठित अमेरिकन लोकांच्या लेखी ती हलकी माणसं. १९५९ च्या जानेवारीत सस्क्वेहाना नदी खाणीचं छत फोडून आत शिरली, १२ कामगार गेले, आणि त्या खोऱ्यातली खोल खाणकामं जवळपास कायमची बुडाली. जे वाचले त्यांच्यातल्या कितीकांच्या छातीत कोळशाची धूळ बसली होती. ही घरं पुढेही सावरलीच असं नाही. अ‍ॅन केस आणि अँगस डीटन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की मध्यमवयीन गोऱ्या अमेरिकनांचं मृत्यूचं प्रमाण वाढलं आहे, आणि त्यातही कॉलेज न शिकलेल्यांचं. कारणं नशा, दारू, आत्महत्या. आपल्या टेबलाशी बसलेला माणूस कुठल्या घरातून आला आहे, हे तुमच्या लेकीनं आधी विचारायला हवं होतं.

तरीही लॅटिमरला मेलेल्या माणसांजवळ एक गोष्ट होती, जी आपल्या माणसाजवळ नव्हती. १७९० च्या कायद्यानं नागरिकत्व 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीला' मिळायचं. इंग्रजी येत नसलेला, शेरीफच्या बंदुकीपुढं उभा असलेला पोलिश खाणकामगारसुद्धा त्यात बसत होता. भगतसिंग थिंद बसले नाहीत. पंजाबातून आलेला हा तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्करात होता, फेटा बांधून. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की हा माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. त्या निकालानंतर आधीच नागरिक झालेल्या हिंदी लोकांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात झाली. सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णोदास बगाई हे त्यांच्यातले एक. नागरिकत्व गेलं, मालमत्ता गेली, आणि १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला.

हे तुमच्या यजमानांना वाचून दाखवा. ताई, राग मानू नका, पण या भांडणात सगळ्यात मोठी चूक त्यांची आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. दोन बॅगा घेऊन आलात हे खरं. मीही तशीच आले. पण विमानतळाचं दार उघडं होतं, ते आपोआप उघडलेलं नव्हतं. हिंदी माणसाला नागरिक होण्याची मुभा मिळाली १९४६ साली, आणि तेव्हाही वर्षाला शंभर जणांनाच येऊ द्यायचं ठरलं. खरं दार उघडलं १९६५ च्या कायद्यानं. त्याच्या आदल्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला होता, आणि १९६५ मध्येच मतदानाचा. काळ्या माणसांनी पोलिसांची कुत्री अंगावर घेऊन, लाठ्या खाऊन जी हवा तयार केली, तिच्यातच वंश बघून माणसं आत घेण्याचा जुना हिशेब मोडला. आपल्या बॅगा त्यांच्या खांद्यावरून आत आल्या.

राहिली आपल्या लोकांच्या जास्त कमाईची गोष्ट. ती खरी आहे, पण तिचं कारण साधं आहे. १९६५ नंतर व्हिसा मिळाला तो डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ यांना आणि पुढं त्यांच्या नातेवाइकांना; नंतर कॉम्प्युटरवाले आले. बारीक चाळणीतून खाली आलेलं पीठ घेऊन कुणी म्हणालं की आमच्या गावच्या दळणात कोंडाच नसतो, तर तुम्ही मान्य कराल का? त्या चाळणीपर्यंत पोचायलाही आपल्यातल्या बहुतेकांना सरकारी कॉलेजची नाममात्र फी आणि मागच्या दोन-तीन पिढ्यांचं शिक्षण कामी आलं होतं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, ती आपल्या घरातलीच आहे. थिंद यांच्या वतीनं कोर्टात काय मांडलं होतं ठाऊक आहे? हा आर्य आहे, उच्च जातीचा आहे, आणि अमेरिकन माणूस निग्रोशी लग्नसंबंध जोडायला जितका नाखूश असतो, तितकाच हाही हिंदुस्थानातल्या मूळ रहिवाशांशी जोडायला नाखूश असतो. म्हणून याला गोरा समजा. पायऱ्या मोडा असं त्यांच्या बाजूनं म्हटलं नाही, मला वरची पायरी द्या म्हटलं. ते वाचताना मला माझं पुणं आठवलं. मी सदाशिव पेठेत वाढले. कॉलेजात माझी एक मैत्रीण होती, माझ्यापेक्षा हुशार. तिला खोली बघायला मी तीन वाड्यांत घेऊन गेले. तिन्ही ठिकाणी आधी चहा झाला, मग आडनाव विचारलं गेलं, मग 'कालच दिली हो खोली'. परत येताना ती काही बोलली नाही. मी मात्र म्हणाले, "काय नशीब बघ, एक दिवस उशीर झाला." त्या दिवशी मला खरंच तसं वाटलं होतं. ते खरेदीखत हाती पडेपर्यंत मला त्या तीन वाड्यांचा अर्थ लागला नव्हता. जात आणि वंश एकच आहेत असं मी म्हणत नाही. दोन्हींचा इतिहास निराळा आहे. पण जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं, तेव्हा त्यांना हे नातं दिसलं होतं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिलं, तेही या नात्यानंच. मराठी घरातून आलेल्या माणसाला 'असलं काही नसतंच' असं म्हणायची सोय नाही, असं मला वाटतं.

आता लेकीबद्दल. तिचं वाचन, तिची चीड, दोन्हींचं मला कौतुक आहे. तिला एकच सांगा. ज्या लेखामुळे हा शब्द घरोघर पोचला, तो वेल्स्ली कॉलेजमधल्या पेगी मॅकिंटॉश या गोऱ्या बाईंनी १९८८ मध्ये लिहिला. त्यांनी एक यादी केली: दुकानात शिरले तर कुणी माझ्या मागं मागं फिरत नाही, जखमेवरची पट्टी 'त्वचेच्या रंगाची' म्हणून घेतली तर ती माझ्याच त्वचेच्या रंगाची निघते, अशी. सगळी यादी 'मी'वरून सुरू होते. त्यांनी स्वतःची झडती घेतली, शेजाऱ्याची नव्हे. नंतरच्या काळात तो शब्द दुसऱ्याच्या अंगावर फेकायचा झाला आणि तिथंच त्याची धार बोथट झाली. २०१९ मध्ये एरिन कूली आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. उदारमतवादी लोकांना व्हाइट प्रिव्हिलेजबद्दल वाचायला दिलं, तर गरीब काळ्या माणसाबद्दलची त्यांची कणव वाढली नाही. गरीब गोऱ्या माणसाबद्दलची मात्र कमी झाली. सगळं असूनही हा मागं राहिला, म्हणजे दोष याचाच, असा तो हिशेब. कोलंबिया विद्यापीठातले कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅक्व्होर्टर तर बरीच वर्षं लिहीत आले आहेत की गोऱ्यांकडून अशी कबुली वदवून घेतल्यानं काळ्या माणसाच्या पदरात काहीच पडत नाही. मी त्यांच्याशी सगळीकडे सहमत नाही, पण इथं त्यांचं म्हणणं मला पटतं. त्या दिवशी तुमच्या टेबलावर कुठल्या काळ्या मुलाला नोकरी मिळाली नाही की घर मिळालं नाही. एक म्हातारा माणूस तेवढा उपाशी उठला.

म्हणून करायचं ते असं. लेकीला फोन करू द्या, मेसेज नको. जे बोलली ते खोटं होतं, असं तिनं म्हणू नये. ते खरं आहे आणि खोटी माफी त्यांनाही कळेल. तिनं एवढंच म्हणावं की तुम्ही वडिलांबद्दल सांगत होतात आणि मी ऐकून घेतलं नाही, त्याचं मला वाईट वाटतं. आणि मग विचारावं, त्यांच्याबद्दल अजून सांगाल का. पुढं गप्प बसावं. हे तिला जड जाईल, पण सोशल वर्क शिकणाऱ्या मुलीला हे यायलाच हवं. जवानांच्या कर्जाचा विषय त्या दिवशी काढू नका. नातं जुळलं की वर्ष-दोन वर्षांत तो आपोआप निघेल, आणि तेव्हा ती त्यांची सून म्हणून बोलेल.

होणाऱ्या जावयाला मध्ये घालू नका. त्याच्या वडिलांना आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला आपापसात बोलता आलं पाहिजे, त्यानं निरोप्या होऊ नये.

आणि तुम्ही, ताई, विहीणबाईंना फोन करा. साखरपुड्याआधी आम्हाला तुमच्याकडे यायचंय म्हणा. स्क्रँटनला मॅकडेड पार्कमध्ये अँथ्रासाइट कोळशाचं वस्तुसंग्रहालय आहे, आणि शेजारीच जुन्या लॅकवाना खाणीत खाली घेऊन जातात. व्याह्यांना म्हणा, तुम्हीच आम्हाला दाखवा. तुमच्या यजमानांना नक्की घेऊन जा. खाली गेल्यावर वाटाड्या दाखवील की लहान लहान पोरं अंधारात दारं उघडत-लावत कशी बसायची. तिथं व्याह्यांना बोलू द्या. थंडीत खाण बंद असते, म्हणून एप्रिलमधला दिवस आधी चौकशी करून ठरवा. जाताना डबा न्या, मसालेभात पुन्हा करा, त्या दिवशी तो त्यांचा अर्धाच राहिला होता. आणि सगळ्यांसाठी स्वेटर घ्या. वर कितीही ऊन असलं तरी खाली गारठा असतो.